निजलेल्याला थोपटू नये

गेल्या आठवड्यात रात्री लाइट गेली ती येईचना. खोलीत उकाडा, पोरगा रडून रडून लाल झालेला, म्हणून चटई उचलली आणि गच्चीवर आले. माझ्यामागे धाकटे भाऊजी आले. सगळ्यांत शेवटी, पायरी-पायरीला आपल्या गुडघ्यांना शिव्या घालत, आमचे सासरे आले. त्यांना आम्ही आबा म्हणतो. जन्मभर त्यांनी एका टेलरच्या दुकानात काज-बटणं केली. आता डोळ्यांना दिसत नाही म्हणून घरी असतात.

वर वारा होता. पोरगा लगेच झोपला, पण मी आपली त्याच्या पाठीवर थोपटतच होते. हात काढला की जागा होईल, असं मला वाटतं. मला तसं सगळंच वाटतं.

"सूनबाई, पुरे आता," आबा म्हणाले. "निजलेल्याला थोपटू नये."

"का हो आबा? काय होतं?"

"होत काही नाही. एकदा झालं होतं, एवढंच."

"झालं!" भाऊजी म्हणाले. "निघाली आबांची भुतं. मागच्या खेपेला विहिरीतलं होतं, त्याआधी चिंचेवरचं. आता कुठलं?"

"ती सगळी ऐकीव होती रे. हे आमच्या मास्तरांच्या घरातलं आहे. तुला ऐकायचं नसेल तर खाली जा, डास मार."

भाऊजी खाली गेले नाहीत. आबा भिंतीला पाठ टेकून बसले आणि सांगू लागले. त्यांनी सांगितलं तसंच लिहिते.

दोन वर्षं झाली असतील. मास्तर म्हणजे आमच्या दुकानाचे टेलरमास्तर. ते शिवायचे, मी काजं करायचो. एकदा सकाळी मला म्हणाले, जा रे, बाजारातून जाड सुती कापड घेऊन ये. निळं आण, शाळेच्या गणवेशाचं असतं तसं. धुऊन धुऊन माणूस दमलं पाहिजे, कापड नाही.

मी म्हटलं, कशाला एवढं? तर म्हणाले, खिडकीला पडदा करायचाय. रस्त्यावरचा दिवा थेट आत येतो, नात झोपत नाही. उरलं तर तिला झोपायचे दोन फ्रॉक, आणि त्यातूनही उरलं तर मला सदरा.

मी गेलो, कापड आणलं. मास्तरांनी बोटांनी चोळून बघितलं, दातांत धरून बघितलं. म्हणाले, हे मी मेल्यावरही राहील.

त्यांची लेक तेव्हा माहेरी येऊन राहिली होती. दुसऱ्या खेपेचे दिवस होते, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की पलंगावरून उठायचं नाही, वाकायचं नाही, काही उचलायचं तर नाहीच. नाहीतर पोट सांभाळणं कठीण. आता थोरली मुलगी अडीच वर्षांची. तिला कोण बघणार? आजी-आजोबा. हौसेनं हो म्हणाले बिचारे. चार महिन्यांचा तर प्रश्न, म्हणाले. चार महिने म्हणजे काय असतं ते तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं.

पोरीला आम्ही भोंगा म्हणायचो. गिरणीचा भोंगा कसा, गावभर जातो, तशी रडायची. दिवसा गोड हो. पण रात्र झाली, आई शेजारी नाही हे कळलं, की सुरू. थोपटलं की गप्प. हात थांबला की पुन्हा सुरू.

आत लेक एकटी झोपायची. पुढच्या खोलीत खाली गादी, गादीवर मधोमध भोंगा, एका अंगाला मास्तर, दुसऱ्या अंगाला वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको. मधली भिंत म्हणजे नुसती फळ्यांची. पोर रडली की लेक आतून उठायला बघायची. एकदा तर उठून दारापर्यंत आली होती. वहिनींनी तिला हात जोडले. म्हणाल्या, बाई गं, तू पड. आमची म्हातारी हाडं आहेत, मोडली तरी कुणाचं अडत नाही.

त्यात जावई. माणूस वाईट नव्हता, पण तोंडाचा फटकळ. दर रविवारी यायचा आणि विचारायचा, जमतंय ना? नसेल जमत तर सांगा, पोरीला माझ्या बहिणीकडे ठेवतो. ते घर लांब. पोरगी तिकडे गेली की लेकीनं अन्नपाणी सोडलं असतं, हे दोघांना माहीत. मग मास्तर म्हणायचे, न जमायला काय झालं? आम्ही काय म्हातारे झालोय?

आणि सोमवारी दुकानात येऊन मशीनवर डोकं टेकून घोरायचे.

त्या दिवसांत त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय खालून शिवून बंद केला. गिऱ्हाईक म्हणालं, मास्तर, यात पाय घालायचा की धान्य भरायचं?

भाऊजी हसले. आबा हसले नाहीत.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या, म्हणाले. त्या दोघांनी एक नियम केला होता. रात्री बोलायचं नाही. पोर कशानं जागी होत नसे इतकी बोलण्यानं व्हायची. नुसतं 'झोपली का?' असं कुजबुजलं तरी भोंगा चालू. म्हणून दिवा बंद झाला की तोंड बंद. ज्याला जाग असेल त्यानं मुकाट्यानं थोपटायचं. वहिनी तर किणकिण नको म्हणून हातातल्या बांगड्यासुद्धा काढून ठेवायच्या. काळोखात नुसता आवाज, थप, थप, थप. त्यावरून समजायचं की दुसरा जागा आहे, आपण डोळे मिटावेत.

असे पंधरा-वीस दिवस गेले. दोघांच्या डोळ्यांखाली काळं आलं. आणि मग एक दिवस मास्तर दुकानात आले ते दाढी करून. चेहरा टवटवीत. मी म्हटलं, काय मास्तर, पोरीची सवय मोडली वाटतं?

ते खाली बघून म्हणाले, नाही रे. ही जागते बिचारी. रात्री केव्हाही जाग आली की ऐकतो, थोपटणं चालूच. मला लाज वाटते, पण डोळा लागतो त्याला काय करू?

बायकोला ते काही म्हणाले नाहीत. पण सकाळी उठून तिच्या आधी चहा टाकायला लागले. भांडी घासायला लागले. हातात सुई धरणारा माणूस, कढया घासतोय!

आणि गंमत अशी की वहिनीसुद्धा त्यांच्याशी जास्तच गोड वागायला लागल्या. ताटात दोनदा वाढायच्या. पाय चेपून देऊ का, विचारायच्या. मास्तरांना वाटलं, उतारवयात बायकोला प्रेम आलं.

"आणि?" भाऊजींनी विचारलं.

आणि काय. फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार होता. मास्तर लेकीला पलंगावर चहा द्यायला गेले, वहिनी तिची वेणी घालत होत्या. लेक एकदम रडायलाच लागली. म्हणाली, बाबा, मला तुमचं बघवत नाही. रात्र-रात्र थोपटत बसता. मला इकडे ऐकू येतं. एक क्षण म्हणून थांबत नाही. दोघांपैकी कुणाची पाळी असते हो? हात गळून पडत असतील.

मास्तर म्हणाले, अगं मी कुठला, मी तर घोरत असतो. तुझी आई जागते.

वहिनींचा हात वेणीतच राहिला.

त्या म्हणाल्या, मी?

...

मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं. लेक दोघांकडे बघत होती, म्हणून वहिनी हसल्या. म्हणाल्या, हो गं, मीच. यांना काय कळतंय.

स्वयंपाकघरात आल्यावर बोलल्या. म्हणाल्या, अहो, मी दोन आठवडे रात्रीची उठलेले नाही. मला वाटलं तुम्ही... म्हणून तर तुमची एवढी सरबराई केली.

मी पोराला जवळ ओढून घेतलं. आबांना ते कळलं. "भिऊ नकोस," म्हणाले. "त्या पोरीला काही होत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तू माझ्यामागे लागशील." आणि पुढे सांगू लागले.

त्या रात्री दोघांनी ठरवलं की बघायचं. लेकीला काही कळू द्यायचं नाही. तिला भीती बसली, ती उठली, धावली, तर सगळंच गेलं. दिवाही लावायचा नाही, फळ्यांतून उजेड जातो. मग करायचं कसं? वहिनींनी युक्ती काढली. दोघांनी एकमेकांकडे तोंड करून निजायचं, आणि पोरीच्या उशीच्या वर चारही हात एकमेकांत गुंतवून ठेवायचे. म्हणजे माझा नाही, तुझा नाही, याची खात्री.

पोर रडली. दोघांनी थोपटून निजवली. मग हात धरले.

नवा पडदा लावलेला. खोलीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. आतून लेकीचा श्वास ऐकू येतोय. लांब कुठेतरी एक मोटर गेली.

बराच वेळ काही नाही.

मास्तरांना वाटलं, आपण वेडे आहोत. म्हातारपणी बायकोचे हात धरून निजलोय. त्यांना हसू येत होतं.

पोर जराशी कुरकुरली.

मग...

थप.

वहिनींची बोटं घट्ट झाली.

थप... थप.

चारही हात तिथेच होते. मास्तरांनी मोजले. आपले दोन. हिचे दोन. पुन्हा मोजले.

थप. थप. थप.

अगदी मधोमध. दोघांच्या मधे. हातभर अंतरावर.

ओरडावं तर पोर उठेल. पोर उठली तर लेक उठेल. बोलायचं नाही. हलायचं नाही. वहिनींची नखं मास्तरांच्या तळव्यात रुतली. पोरीचा श्वास संथ झाला. थोपटणं मात्र चालूच. घाई नाही. राग नाही. जसं कुणी फार दमलेलं माणूस थोपटतं ना... तसं.

आबांनी पाय लांब केले. मी विचारलं, "मग? दिवा लावला त्यांनी?"

"मग झोप लागली त्यांना," आबा म्हणाले.

"झोप!" भाऊजी ओरडले.

"हळू. पोर उठेल." आबांनी चटईवर हात फिरवला. "तुला कळायचं नाही रे. तुला कुणाला निजवावं लागलेलं नाही. सूनबाईला विचार. भीती मोठी असते, पण थकव्यापुढे तिचं काही चालत नाही. दोघं हात धरल्या धरल्या झोपले."

खरं सांगते, मला ते लगेच पटलं.

सकाळी मास्तर म्हणाले, आपण आत्ताच्या आत्ता जावयाला बोलावू. वहिनी पीठ मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, काय सांगणार? मी म्हटलं की जमत नाही, तर तो पोरीला घेऊन जाईल. आणि खरं सांगितलं, तर लेकीलाही घेऊन जाईल, तिला धक्के खात प्रवास करावा लागेल. मग? पुढे म्हणाल्या, कुणी का असेना, थोपटतंय ना? मारत तर नाही.

हे वाक्य मास्तरांनी मला दोनदा सांगितलं. म्हणाले, मलाही ते बरोबर वाटलं रे. तेच तर.

तर त्यांनी ते चालू दिलं. रात्री पोरीला मधे ठेवायचं, एकमेकांकडे पाठ करायची, आणि झोपायचं. कान झाकून. दिवसा त्याविषयी अक्षर काढायचं नाही.

भोंगा रात्रीचा वाजेनासा झाला. सगळ्यांना बरं वाटलं. मग ती सकाळीही उशिरा उठायला लागली. मग दुपारचं जेवून पुन्हा झोपायची. खेळता खेळता बसल्या जागी पेंगायची. जावई म्हणाला, वा, सासूबाई, तुम्ही तर पोरीला शिस्त लावलीत.

एक दिवस वहिनी धुणं वाळत घालत होत्या. निळा फ्रॉक झटकला आणि थांबल्या. मास्तरांना हाक मारली. फ्रॉक नवा. पण पाठीवर, मधोमध, कापड विरलेलं. मागे बोट धरलं तर बोट दिसावं इतकं. आणि सगळीकडे नाही. एवढंच...

आबांनी आपला पंजा पसरून दाखवला. अंधारात तो नीट दिसला नाही. मला वाटतं, ते बरं झालं.

मास्तरांनी मला तो फ्रॉक दुकानात आणून दाखवला. म्हणाले, तू बाजारातून आणलेलं कापड आहे, तूच सांग. मी काय सांगणार? ते कापड मी दगडावर घासलं असतं तरी वर्षात तसं झालं नसतं.

त्याच रात्री पोर जेवली नव्हती, म्हणून वहिनी तिला दूध पाजायला उठवायला गेल्या. उठली नाही. हलवलं. नाही. मास्तरांनी तिच्या कानाशी बोलून बघितलं. एरवी कुजबुजीनं उठणारी पोर...

मोठ्यानं बोलले. नाही.

वहिनींनी तिच्या तोंडावर पाणी मारलं. पापणी हलली नाही. श्वास चालू होता. अगदी संथ. दोन श्वासांच्या मधे केवढं तरी अंतर.

दिवा लागलेला होता. समोर पोर. आजूबाजूला ही दोघं. तिसरं कुणी नाही.

आणि आवाज येत होता.

थप.

थप.

फ्रॉकचं कापड... दबत होतं. वर येत होतं. दबत होतं.

आतून लेकीनं विचारलं, बाबा, काय झालं?

काही नाही गं. झोप.

मास्तर गुडघ्यांवर बसले. त्या खोलीत रात्री दोन महिने कुणी बोललं नव्हतं, ते बोलले. म्हणाले, पुरे. आम्ही दमलो होतो, म्हणून चालवून घेतलं. आमचं चुकलं. आता आमचं आम्ही बघतो. पोरीला सोड.

थप.

सोड तिला. तुला थोपटायचंच असेल, तर...

आबांनी गुडघा चोळला.

"तर काय?" मी विचारलं.

"ते वाक्य त्यांनी पुरं केलं की नाही, मला माहीत नाही. मला सांगताना इथेच थांबले. मी खोदून विचारलं, तर म्हणाले, ते जाऊ दे."

आवाज बंद झाला. एक क्षण. दोन. आणि मग पोरीनं छाती भरून श्वास घेतला, आणि भोंगा असा वाजला म्हणता! शेजारचे उठले. आतून लेक हाका मारत होती, अगं आई, घे ना तिला! आणि ही दोघं पोरीला पोटाशी धरून, रडतायत की हसतायत कळेना.

त्यानंतर दीड महिना त्या दोघांनी डोळ्याला डोळा लागू दिला नाही. पाळीपाळीनं, दिवा लावून, उघड बोलत, अंगाई म्हणत जागले. मास्तरांनी आणखी दोन पँटी बिघडवल्या. पण लेक सुखरूप बाळंतीण झाली. मुलगा झाला. जावई गाडी घेऊन आला आणि चौघंही आपल्या घरी गेले. भोंगा आता शाळेत जातो. वर्गात तिच्याएवढा मोठा आवाज कुणाचा नाही म्हणतात.

मी सुटकेचा श्वास सोडला. भाऊजी आडवे होत म्हणाले, "संपली? पोरगी बरी, बाळ बरं, म्हातारा-म्हातारी बरी. आबा, तुमचं भूत फारच सज्जन निघालं. आमच्याकडे पाठवा ना, या वहिनीला जरा झोप मिळेल."

"असं बोलू नये," आबा म्हणाले. त्यांचा आवाज एवढा बारीक झाला होता की भाऊजी उठून बसले.

लेक गेल्यावर मास्तर आठवडाभर दुकानात आले नाहीत. मला वाटलं, थकवा काढत असतील. त्यांच्या सदऱ्याची काजं राहिली होती म्हणून मीच ती करून सदरा त्यांच्या घरी पोचवला होता. त्याच निळ्या कापडाचा, उरलेल्या तुकड्यातला. पुढे महिना झाला तरी येईनात, तेव्हा मी चौकशीला गेलो.

दुपारचे बारा वाजून गेले होते. वहिनी अंगणात होत्या. मी म्हटलं, मास्तर कुठे आहेत?

म्हणाल्या, निजलेत.

एवढ्या उन्हाचे?

हल्ली झोप फार छान लागते त्यांना, त्या म्हणाल्या. आणि पदरानं तोंड पुसलं.

दार अर्धं उघडं होतं. आत काळोख, पडदा ओढलेला. मास्तर कुशीवर निजलेले दिसत होते, भिंतीकडे तोंड करून. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर वहिनींनी माझा हात धरला. मान हलवली. नको.

मी मागे वळलो. तेव्हा अंगणातल्या दोरीवर तो सदरा वाळत होता. काजं माझ्या हातची, मी ओळखली. ऊन चांगलं कडक होतं. सदऱ्याची सावली मागच्या भिंतीवर पडली होती, काळी, गडद, जाड कापडाची पडते तशी.

फक्त पाठीच्या मधोमध तेवढं ऊन आरपार आलं होतं.

पंजाएवढं.

वहिनींनी मी काय बघतोय ते बघितलं. पुढे होऊन सदरा दोरीवरून ओढून काढला, घडी करून पोटाशी धरला.

"नवाच आहे हो," त्या म्हणाल्या. "दोनदाच घातलाय."